बांधापाशी थांबलेले रस्ते

१/
साताऱ्यातील दोन पत्ते शेजारी ठेवून पाहा. एक ‘मल्हार पेठ, सातारा’ असा. दुसरा ‘गट नंबर अमुक, अमुक कॉलनी, मौजे अमुक, सातारा’ असा. पहिल्या पत्त्यात वस्तीचे नाव आहे, दुसऱ्यात शेताचे. घर शेतजमिनीवर उभे राहिले यात नवल काही नाही. प्रत्येक शहर तसेच वाढते. प्रश्न असा आहे, की घरे होऊन वर्षे लोटली तरी पत्त्यातून शेत का गेले नाही? आजचा धागा या प्रश्नाविषयी.

२/
भूमिका आधीच सांगून टाकतो. लहान शहर वाढले म्हणजे त्याचे क्षेत्रफळ किती झाले, लोकसंख्या किती झाली, एवढाच हिशेब आपण करतो. नवे रस्ते एकमेकांना भेटतात की नाही, हे कोणी मोजत नाही. माझ्या मते हा दुसरा हिशेब पहिल्याहून महत्त्वाचा आहे. शिवाय तो एकट्या अभियंत्याचा विषय नाही. जुने दप्तर आणि जुने नकाशे वाचणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याशिवाय तो पुरता उलगडतच नाही.

३/
आरंभ किल्ल्यापासून करू. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. पुढे राजधानीचा कारभार अजिंक्यताऱ्यावरून पायथ्याशी उतरला आणि उत्तरेकडच्या उतारावर शहर आकाराला आले. मंगळवार, शुक्रवार, शनिवार या वारांच्या पेठा, चिमणपुरा, व्यंकटपुरा, यादोगोपाळ पेठ, पंताचा गोट ही नावे आजही त्या वसाहतीची साक्ष देतात.

४/
मराठेशाहीत पेठ वसवणे हा राज्यकारभाराचा गंभीर भाग होता. सरकार कौल देई, काही वर्षे करांत सूट देई, शेटे-महाजन नेमी आणि वाणी, उदमी, कारागीर यांना बोलावून घेई. पेठेचे सारे अस्तित्व बाजारावर अवलंबून असे. बाजारात माल यावा लागतो, गिऱ्हाईक यावे लागते आणि दोघांना पलीकडे जाताही यावे लागते. म्हणून ज्या पेठेचा रस्ता पुढच्या पेठेला मिळत नाही ती पेठ चालणे कठीण.

५/
साताऱ्याची भूरचना सोपी नाही. दक्षिणेस डोंगर उभा, जमीन उत्तरेकडे उतरती. त्यामुळे मुख्य रस्ते उताराला आडवे, म्हणजे पूर्व-पश्चिम धावतात. राजवाडा आणि पोवई नाका यांना जोडणारे वरचा रस्ता व खालचा रस्ता हे दोन पदर सातारकरांच्या बोलण्यात रोज येतात. या दोन पदरांना उभ्या गल्ल्या आणि बोळ ठिकठिकाणी शिवत जातात. शहराची वीण म्हणतात ती हीच.

६/
या विणीचा अर्थ सणावारी कळतो. वरच्या रस्त्यावर मिरवणूक असली तर माणूस बोळातून खालच्या रस्त्याला लागतो. एक वाट खोदून ठेवली तर दुसरी असते. त्याला कोणी मार्ग दाखवावा लागत नाही. पर्याय त्याच्या पायांना ठाऊक असतात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याच्या निरनिराळ्या वाटा असणे, याला रस्त्यांची जोडणी म्हणावे. ती चांगली की वाईट हे नुसते जाणवत नाही. ते आकड्यांत मांडता येते.

७/
हे मोजमाप जिथून सुरू झाले ते शहर फार दूरचे, पण काळ शाहू महाराजांचाच. प्रशियातील क्योनिग्सबर्ग शहरात प्रेगेल नदीवर सात पूल होते आणि नदीमुळे शहराचे चार भाग पडले होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून साऱ्या शहराची फेरी पुरी करता येईल का, असा तेथील लोकांचा कोडेवजा प्रश्न होता. १७३५ साली लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे त्याचे उत्तर मांडले: येणार नाही.

८/
उत्तरापेक्षा रीत मोठी होती. ऑयलरने पुलांची लांबी, रुंदी, नदीचे वळण हे सारे बाजूस ठेवले. कोणता भाग कोणत्या भागाशी किती पुलांनी जोडला आहे, एवढेच त्याने पाहिले. चारही भागांना मिळणाऱ्या पुलांची संख्या विषम होती आणि अशी फेरी शक्य असायला विषम भाग दोनाहून अधिक चालत नाहीत. शहराकडे बिंदू आणि दुवे म्हणून पाहण्याची दृष्टी येथून आली. पुढे तिचे आलेखशास्त्र झाले.

९/
ही दृष्टी भूगोलात रुळायला विसावे शतक उजाडले. १९६३ साली कारेल कान्स्की या अभ्यासकाने वाहतुकीच्या जाळ्यांची रचना मोजण्याचे निर्देशांक मांडले. त्यांतला सर्वांत साधा निर्देशांक शाळकरी मुलालाही काढता येतो. चौक मोजा, दोन चौकांमधले रस्त्याचे तुकडे म्हणजे दुवे मोजा आणि दुव्यांच्या संख्येला चौकांच्या संख्येने भागा. येथे ‘चौक’ म्हणजे वाट जिथे दुसऱ्या वाटेस मिळते किंवा संपते ती प्रत्येक जागा.

१०/
वहीत एक नमुना काढून पाहा. तीन ओळी, तीन रकाने, असे नऊ चौक चौकटीत मांडा आणि शेजारचे चौक जोडा. दुवे बारा होतात. १२ भागिले ९, म्हणजे १.३३. या चौकटीत चार बंद वेटोळी तयार होतात. कोणताही एक दुवा खोडला तरी नऊपैकी एकही चौक तुटत नाही, कारण वळसा घालून तेथे पोहोचता येते.

११/
आता तेच नऊ चौक झाडाच्या फांद्यांसारखे जोडा: एक खोड, त्याला फांद्या, फांदीच्या टोकाला वाट बंद. दुवे आठ होतात. ८ भागिले ९, म्हणजे ०.८९. वेटोळे एकही नाही. येथे कोणताही एक दुवा तुटला की त्याच्या पलीकडचे सारे चौक एकटे पडतात. चौक तितकेच, घरेही तितकीच मावतील. फरक फक्त चार दुव्यांचा आहे, पण पहिली वस्ती जाळे आहे आणि दुसरी सापळा.

१२/
चौकट मोठी करत गेलो की हा आकडा दोनाच्या जवळ सरकतो. झाड कितीही वाढले तरी एकाच्या वर जात नाही. अमेरिकेतील काही नगरांनी नव्या वसाहतींच्या परवानगीसाठी १.२, १.४ अशा किमान मर्यादा नियमांतच घालून दिल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने २०१३ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे शंभर चौक असावेत, असा दंडक सुचवला.

१३/
तिसरे माप मला सर्वांत मानवी वाटते. त्याला वळशाचे माप म्हणू. दोन ठिकाणांमधील रस्त्याचे अंतर भागिले सरळ रेषेतील अंतर. काटकोनी चौकटीत हे माप १.४१ च्या वर जात नाही. आता समजा, दोन वसाहतींची घरे पाठीला पाठ लावून आहेत, मधे कुंपणाची भिंत आहे, सरळ अंतर ३० मीटर आणि रस्त्याने ९०० मीटर. माप झाले ३०. शेजारी या शब्दाचा अर्थ त्या भिंतीने तीस पटींनी लांबवला.

१४/
शहर पसरते आहे का, यासाठीही माप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत जमीन व्यापण्याच्या वेगाला लोकसंख्यावाढीच्या वेगाने भागतात. उत्तर एकाहून अधिक आले तर माणसांपेक्षा जमीन जलद खर्ची पडते आहे. माप उपयुक्त आहे, पण अपुरे. दोन वसाहती सारख्याच पसरलेल्या असू शकतात. एकीत मूल चालत शाळेत जाते, दुसरीत तेवढ्याच अंतरासाठी घरच्यांना दुचाकी काढावी लागते. हा भेद जोडणीच दाखवते.

१५/
आता पत्त्यातल्या गट नंबराकडे येऊ. त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या रीतीची जमीनमोजणी सुरू केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने या रीतीचे नियम पक्के केले. १८४८ साली सातारा संस्थान खालसा झाले आणि पुढे तेथील मुलखातही ही मोजणी पोहोचली.

१६/
ही मोजणी शंकू आणि साखळीने होई. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट; चाळीस गुंठ्यांचा एकर. एका बैलजोडीला कसता येईल एवढ्या जमिनीस साधारणतः एक सर्व्हे नंबर दिला जाई आणि त्याच्या हद्दी बांधांनी व दगडांनी निश्चित होत. हेतू स्पष्ट होता: शेतसारा कोणाकडून आणि किती घ्यायचा हे ठरवणे.

१७/
स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई राज्याने जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि विखुरलेले तुकडे एकत्र आणणारा कायदा केला. ज्या गावांत एकत्रीकरणाची योजना लागू झाली तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आकडे बदलले, नकाशाचा स्वभाव तोच राहिला. शेताची हद्द हीच कागदाची हद्द.

१८/
शहर या शेतांपर्यंत पोहोचले, की एकेक गट बिगरशेती होतो. मालक किंवा विकसक आपल्या गटापुरता लेआउट काढतो. मुख्य रस्त्याला एक तोंड, आत सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना प्लॉट. रस्ता बांधापाशी येऊन थांबतो, कारण पुढचा गट दुसऱ्याचा. काही वर्षांनी तो दुसरा गटही विकतो. त्याचाही रस्ता त्याच बांधापाशी, पण दहा-पंधरा फूट बाजूला येऊन थांबतो. मधे कुंपण उभे राहते आणि प्रश्न कायमचा मिटतो.

१९/
शेजारच्या जमिनीशी रस्ता जुळवून घ्यावा, अशी तरतूद नियमांत आहे. परंतु छाननी एकेका प्रकरणाची होते. संपूर्ण परिसराची वीण कोणाच्याच टेबलावर नसते. जेथे परवानगीच न घेता गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकली गेली तेथे तर रस्ता म्हणजे विक्रीनंतर उरलेली पट्टी. २००१ साली गुंठेवारी नियमित करणारा कायदा आला, २०२१ मध्ये त्याची मुदत डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करण्यात आली. घरे नियमित होतील. न झालेले चौक कायद्याने निर्माण होत नाहीत.

२०/
सातारा याचे चांगले उदाहरण आहे, कारण शहर अनेक वर्षे आपल्या कागदोपत्री हद्दीबाहेर वाढत राहिले. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर अशा वस्त्या आधी भरल्या आणि २०२० च्या हद्दवाढीत मागाहून नगरपालिकेत आल्या. काही भाग तर ना धड पालिकेत, ना ग्रामपंचायतीत. सातारकर त्याला ‘त्रिशंकू’ म्हणत. पालिकेच्या हाती या वस्त्या आल्या तेव्हा त्यांचे रस्ते ठरून गेलेले होते.

२१/
परिणाम आपल्याला मात्र दुसऱ्याच ठिकाणी दिसतो. आतल्या वसाहती एकमेकींना भेटत नाहीत, म्हणून प्रत्येक फेरी, मग ती दुधाची असो वा दवाखान्याची, मुख्य रस्त्यावर ओतली जाते. मुख्य रस्ते पोवई नाक्यासारख्या मोजक्या ठिकाणी एकवटतात. तेथे कोंडी होते आणि ती फोडण्यासाठी जमिनीखालून ग्रेड सेपरेटर बांधावा लागतो. डोंगर आणि नदी यांचा वाटा या कोंडीत आहेच. पण न जोडलेल्या वसाहतींचाही आहे, आणि तो आपण हिशेबात धरत नाही.

२२/
किंमत कोण मोजतो, हेही पाहावे. घंटागाडीला प्रत्येक बंद गल्लीतून उलटे फिरावे लागते. पाण्याच्या टँकरला, अग्निशमनाच्या बंबाला एकच तोंड सापडते आणि तेच अडलेले असले तर दुसरे नसते. गाडी असलेल्याला वळसा पेट्रोलचा पडतो. गाडी नसलेल्याला पायांचा. वृद्ध, शाळकरी मुले, घरकामाला पायी जाणाऱ्या बाया यांच्याकडून हा कर रोज वसूल होतो. त्याची पावती मिळत नाही म्हणून तो कोणाला दिसत नाही, एवढेच.

२३/
‘नंतर दुरुस्त करू’ हे आश्वासन इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. १६६६ साली लंडन शहर आगीत भस्मसात झाले. क्रिस्टोफर रेनसारख्यांनी रुंद, सरळ रस्त्यांचे आराखडे दिले. शहर जवळजवळ रिकामे होते, राजा अनुकूल होता, तरी जमिनींच्या मालकीपुढे ते आराखडे बाजूस पडले आणि शहर बहुतांशी जुन्याच रेषांवर पुन्हा उठले. घरे जळतात, राजवटी जातात, रस्त्याची रेषा राहते. म्हणून ती आखली जाण्यापूर्वीच मोजली पाहिजे.

२४/
येथे एक आक्षेप रास्त आहे. बंद गल्ल्या जुन्या शहरांतही नव्हत्या काय? होत्या. अहमदाबादच्या पोळी तर संरक्षणासाठीच बंद केलेल्या असत; आपल्या पेठांतही आतल्या बाजूस संपणारे बोळ आहेत. पण त्यांची लांबी थोडी आणि त्यांचे तोंड वाहत्या रस्त्यावर. बोळ संपला तरी पेठ पुढे चालू राहते. नव्या वस्तीत बोळ संपत नाही, वस्तीच संपते. म्हणून बंद टोकांची नुसती संख्या पुरेशी नाही. ती कोठे आहेत, हेही पाहावे लागते.

२५/
दुसरा आक्षेप राहणाऱ्यांचा. रस्ता पलीकडे उघडला तर परकी वाहने येतील, चोऱ्या वाढतील, मुलांना खेळता येणार नाही. ही भीती खोटी नाही. किंबहुना बंद रस्त्याची कल्पना याच चांगल्या हेतूने जन्मली. १९२९ साली अमेरिकेत न्यू जर्सी येथे रॅडबर्न नावाची वसाहत उभारताना क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी मोटारींसाठी रस्ते बंद ठेवले, पण घरांच्या मागून पायवाटा अखंड जोडल्या. मूल मोटाररस्ता न ओलांडता शाळेत जाऊ शके.

२६/
पुढच्या काळात बंद रस्ता साऱ्या जगाने उचलला आणि पायवाट विसरली. अमेरिकेत रस्त्यांचे हे तुटलेपण १९९४ च्या सुमारास कळसाला पोहोचून मग ओसरू लागले, असे बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या अभ्यासकांनी २०१५ साली दाखवले. तेथे उतरणीला लागलेली चूक आपल्याकडे ‘सुरक्षित गेटेड कॉलनी’ या नावाने जाहिरातीत मिरवते. गाडीला हवा तर अटकाव करा, माणसाला वाट ठेवा. सहा फुटांची पायवाट कोणाची शांतता भंग करत नाही.

२७/
उपाय परका शोधण्याची गरज नाही. हिंदुस्थानातील नगररचनेचा पहिला कायदा आपल्याच इलाख्यात झाला: मुंबई नगररचना कायदा, १९१५. त्यातील नगररचना योजनेची कल्पना सुबक होती. परिसरातील सर्व तुकडे कागदावर एकत्र घ्यावेत, रस्ते व मोकळ्या जागा आधी आखाव्यात आणि मग प्रत्येकाला थोडा लहान पण नीट आकाराचा, रस्त्याला लागलेला भूखंड परत द्यावा. बांध पुसला जातो, मालकी पुसली जात नाही.

२८/
या योजनेचा वापर महाराष्ट्रात हळूहळू मागे पडला. गुजरातने मात्र ती चालू ठेवली. अहमदाबादभोवतीचा वर्तुळाकार रस्ता बऱ्याच अंशी अशाच योजनांतून साकारला. कायदा आपल्या इलाख्यात जन्मला, वाढला शेजारी. साताऱ्यासारख्या शहरांच्या हद्दवाढीत आलेल्या, अजून पुरत्या न भरलेल्या पट्ट्यांत ही योजना प्रथम लागू व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भरलेल्या वस्त्यांत निदान बंद टोकांमधील पायवाटा तरी संपादित कराव्यात.

२९/
आखीव वाढ आपल्या स्वभावातच नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरची राजारामपुरी पाहावी. तेथे पत्ता सांगतात तो गल्लीच्या क्रमांकाने: पाचवी गल्ली, आठवी गल्ली. सातवी आणि नववी यांच्यामधे आठवी सापडणारच, हा विश्वास पत्त्यातच आहे. संस्थानी काळातील राज्यकर्त्यांनी घरांच्या आधी गल्ल्या आखल्या. पत्त्यात शेत उरले नाही, ते यामुळेच.

३०/
आकड्यांची भक्ती मात्र नको. डोंगरउतारावर काटकोनी चौकट लादली तर पावसाचे पाणी रस्त्यांचे ओढे करील. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला १.८ चा आकडा मागणे वेडेपणाचे ठरेल. शिवाय नकाशात गाडीरस्ते असतात, पायऱ्या आणि बोळ पुष्कळदा नसतात. पॅट्रिक गेडिस १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आराखड्याआधी शहर पायी पाहा, हा त्यांचा आग्रह होता. मापनालाही तोच लागू आहे.

३१/
आता तुमच्यासाठी काम. आपल्या गावातील एक जुनी पेठ आणि एक नवी कॉलनी निवडा. ओपनस्ट्रीटमॅपवरून दोन्हींचे नकाशे घ्या. भूमी अभिलेख कार्यालयातून गटांचा नकाशा मिळवा. चौक मोजा, दुवे मोजा, बंद टोके लाल शाईने दाखवा. मग पायी जाऊन नकाशात नसलेले बोळ भरा. शेवटी लाल टोके गटाच्या हद्दींवर ठेवून पाहा. त्यांतली किती बांधावर पडतात, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

३२/
हा नकाशा पालिकेच्या विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा लेखी जोडता येतो. हरकत नोंदवण्याचा हक्क नागरिकाला १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याने दिला आहे. ‘रस्ता हवा’ असा नुसता अर्ज आणि ‘या दोन बंद टोकांमधे बारा मीटरचा दुवा दिल्यास चाळीस घरांचा वळसा वाचतो’ असा नकाशासह अर्ज, यांत फरक आहे. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

३३/
शेतसाऱ्यासाठी घातलेला बांध हा आपल्या काळापुरता योग्य निर्णय होता. दोन बैलांच्या ताकदीवर ठरलेली ती रेषा आज मुलांच्या शाळेची वाट ठरवते आहे, हे मात्र कोणी ठरवलेले नाही. ते न ठरवल्यामुळे घडले आहे. गडकोटांची डागडुजी व्हावी म्हणून आपण तरुण मंडळी आवाज उठवतो, ते योग्यच आहे. गडाच्या पायथ्याशी आज आखली जाणारी गल्लीही तीनशे वर्षे टिकणार आहे. तिच्याकडेही त्याच नजरेने पाहू या.

धागा समाप्त. आपापल्या गावाचे चौक-दुव्यांचे आकडे खाली जरूर लिहा. कोणती पेठ आणि कोणती कॉलनी मोजली, तेही सांगा.